चावीवाल्याचा पूर्ण सामना

चावीवाल्यानं आयुष्यात क्रिकेट भरपूर पाहिलं. पण सगळं उभ्यानं, आणि सगळं दुसऱ्याच्या खिडकीतून.

सव्वीस वर्षं तो पाणी सोडायच्या कामावर होता. सायकलच्या दांडीला छातीएवढी उंच लोखंडी चावी बांधलेली. वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खड्ड्यात सोडायची, व्हॉल्व्हच्या डोक्यावर नीट बसली की फिरवायची, आणि एका गल्लीचं पाणी सुरू. अर्ध्या तासानं ते बंद करायचं आणि पुढच्या गल्लीचं सोडायचं. अशा सात गल्ल्या, सात व्हॉल्व्ह, एक पाळी सकाळी आणि एक संध्याकाळी. सामना जवळच्या देशात असला की संध्याकाळच्या पाळीत सापडायचा, लांबच्या देशात असला की सकाळच्या. जगाच्या पाठीवर कुठेही पहिला चेंडू पडो, त्या वेळी चावीवाल्याच्या हातात चावीच.

त्यामुळे त्यानं पाहिलेलं क्रिकेट म्हणजे तुकड्यातुकड्यांची गोधडी. सुतारगल्लीच्या खिडकीत फलंदाज चाळीसवर झकास खेळत असायचा; शाळेमागच्या गल्लीत पोचेपर्यंत तो बाद होऊन तंबूत बसलेला. मधे काय घडलं ते आवाजावरून ओळखायचं. घरांतून "हो" उठला आणि लगेच विरला तर चौकार. "हो" वर वर चढत गेला तर षटकार. आणि गल्लीभर एकदम शांतता पसरून मागून फक्त भांड्यांचा आवाज आला, तर आपला चांगला माणूस गेला. या विद्येत चावीवाला तरबेज होता. पण माणूस बाद होताना, प्रत्यक्ष त्या क्षणी, त्यानं सव्वीस वर्षांत आठ-दहा वेळाच पाहिला असेल. एरवी तो पोचायचा तेव्हा तेच दृश्य सावकाश करून पुन्हा दाखवत असायचे.

त्याची एकच इच्छा होती, आणि ती काही फार मोठी नव्हती. वर्ल्ड कपचा एक सामना, एकच, पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत, खुर्चीत बसून बघायचा.

यंदा वर्ल्ड कप जवळच्याच देशात होता. सामने दुपारी दोनला सुरू होणार होते. महिनाभर आधीच सगळ्या सात गल्ल्या गुडघ्याला बाशिंग बांधून बसल्या.

या उत्साहाचं मुख्य ठाणं म्हणजे पाण्याच्या टाकीखालचं सलून. सलूनवाल्यानं मोठा टीव्ही घेतला होता, वीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि दारावर स्वतःच्या हातानं पाटी रंगवून लावली होती : 'अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी विजयानिमित्त दुकान बंद राहील.' पहिला सामना व्हायला अजून पंचवीस दिवस होते. उपांत्य फेरीत आपल्यासमोर कोण येईल यावर तिथं रोज हातघाईवर येऊन भांडणं व्हायची. पहिला सामना कोणाशी आहे असं विचारलं, तर मात्र सगळ्यांना भिंतीवरचं वेळापत्रक बघावं लागे.

सलूनवाल्याचा सल्लागार म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. मास्तरांनी अकरा खेळाडूंच्या सरासरी धावांची बेरीज केली होती. ती आली तीनशे अठ्ठ्याऐंशी.

"म्हणजे प्रत्येक सामन्यात तीनशे अठ्ठ्याऐंशी," मास्तर म्हणाले. "हे मी म्हणत नाही, गणित म्हणतं."

"आणि समोरचे तेवढे करतील का?" सलूनवाल्यानं विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं, पण ते ऐकायला त्याला आवडायचं.

"त्यांची बेरीज मी केलेली नाही," मास्तर म्हणाले.

अडचण एकच होती, ती म्हणजे पाणी. संध्याकाळी पाच ते साडेआठ गल्लीगल्लीला पाणी यायचं, आणि सामन्याची ऐन रंगत नेमकी तेव्हाच. पाणी आलं की घरातून हाक यायची, "अहो, उठा, पिंप भरा." नळ काही रिप्ले दाखवत नाही. मागच्या वर्ल्ड कपला सलूनवाला स्वतः बादली धरून उभा असताना आपल्या संघानं सामना जिंकला होता, आणि ती सल त्याच्या मनातून गेली नव्हती.

तेव्हा एका दुपारी त्यानं चावीवाल्याला बोलावून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड गुंडाळलं, आणि माणूस हलू शकत नाही अशी खात्री झाल्यावर विषय काढला.

"चावीदादा, दोन डावांच्या मधे चाळीस मिनिटं सुट्टी असते. साडेपाचच्या सुमारास. तेवढ्यात सगळ्या गल्ल्यांना एकदम पाणी सोडलंत तर?"

"एकदम?"

"एकदम. सातही व्हॉल्व्ह तुम्ही दुपारीच उघडून ठेवायचे. टाकीखालचा मोठा व्हॉल्व्ह तेवढा बंद. डाव संपला की तो उघडायचा. इथून वीस पावलांवर तर आहे. आणि मग तुम्हीही..." सलूनवाल्यानं कात्रीनं पहिल्या रांगेतली मधली खुर्ची दाखवली. "ती तुमची. सगळे सामने. पहिल्या चेंडूपासून."

चावीवाला आरशातून त्या खुर्चीकडे बघत राहिला. खुर्चीला हात होते. पाठीला गादीही होती.

त्याला पाणी कळत होतं. टेकडीवरची आळी टाकीतल्या पाण्याच्या जेमतेम चार हात खाली होती. तिथं पाणी चढायचं तर टाकी काठोकाठ हवी आणि बाकीचे सहा व्हॉल्व्ह घट्ट बंद हवेत. म्हणून तर रोज पाचला टाकी भरली की तो पहिलं पाणी टेकडीला सोडायचा. पाणी आशेवर चढत नाही, दाबावर चढतं, हे तो इतरांना नेहमी ऐकवायचा. पण भरलेल्या टाकीतून सगळ्यांना एकदम सोडलं, तर टेकडीवर निदान करंगळीएवढी धार तरी पोचेल की. पोचायला हवी. खुर्चीकडे बघता बघता ती करंगळी अंगठ्याएवढी झाली.

तरी त्यानं एक शंका काढलीच. "आणि आपला डाव लवकर आटोपला तर?"

सलूनवाल्याची कात्री थांबली. बाकावरच्या चौघांनी वर्तमानपत्रं खाली केली. मास्तरांनी चष्मा काढून चावीवाल्याकडे असं बघितलं, जसं कुणी भरल्या घरात काहीतरी अभद्र बोलून गेलंय.

"लवकर म्हणजे?" मास्तर म्हणाले. "पन्नास षटकं आहेत, पन्नास खेळणार."

"मी आपलं विचारलं."

"विचारलंत ते विचारलंत. पुन्हा नका विचारू," सलूनवाला म्हणाला, आणि त्यानं चावीवाल्याच्या कानामागचे केस जरा जास्तच कापले.

ठरलं. स्पर्धेच्या आधी आपल्या संघाचा एक सराव सामना होता, त्या दिवशी प्रयोग करून बघायचा. गल्लोगल्ली निरोप गेला, 'डाव संपला की पाणी.' वेळ कुणीच सांगितली नाही. डाव साडेपाचलाच संपणार, मग वेळ कशाला सांगायची?

सराव सामन्याच्या दिवशी चावीवाला धुतलेला सदरा घालून दीड वाजताच खुर्चीत बसला. सातही व्हॉल्व्ह उघडे होते, चावी दाराशी उभी केली होती. दोन वाजता पहिला चेंडू पडला, आणि चावीवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा एका सामन्याचा पहिला चेंडू पडताना पाहिला. तो चेंडू यष्टीबाहेरून गेला, फलंदाजानं नुसती बॅट वर उचलली. सलूनमध्ये कुणाचं लक्षही नव्हतं. चावीवाल्याला मात्र भरून आलं.

तिसऱ्या षटकात पहिला गेला. नवव्यात दोघे. "पाया भक्कम होतोय," मास्तर म्हणाले. पंधराव्या षटकाला पाच गेले तेव्हा मास्तर चष्मा पुसत होते. पावणेचारला आपला डाव आटोपला. धावा एकशे चार.

सलूनमध्ये कुणी कुणाकडे बघेना. मग सलूनवालाच सावरला. "सराव सामना आहे. वाईट खेळ आत्ताच खेळून संपवला, हे उलट बरंच झालं. चावीदादा, उठा. सुट्टी सुरू झाली, सोडा पाणी."

"टाकी अर्धीच भरलीय," चावीवाला म्हणाला. "भरायला पाच वाजतील."

"पाचला दुसरा डाव चालू असेल."

हे खरं होतं. आणि पाचला उठायचं म्हणजे मोठा व्हॉल्व्ह उघडून बसायचं असं नव्हतं. सुट्टी हुकली की एकदम सोडायचं कारणच उरत नव्हतं; तेव्हा नेहमीसारखे सहा व्हॉल्व्ह बंद करून आधी टेकडीला द्यायचं, मग एकेक गल्ली. म्हणजे पुन्हा सायकल, पुन्हा खिडक्या. चावीवाल्यानं खुर्चीकडे पाहिलं. बसल्याची ऊब अजून तिच्यात होती. बाहेर बायका दारात येऊन विचारत होत्या, "डाव संपला ना? मग पाणी कुठंय?"

तो गेला आणि मोठा व्हॉल्व्ह उघडून आला. पाच मिनिटांत परत खुर्चीत.

अर्ध्या टाकीचं पाणी उतार सापडला तसं पळालं. बाजारगल्ली सगळ्यात खाली, तिथं नळ असे सुटले की बादल्या उलटल्या आणि गटारं वाहिली. सुतारगल्लीत बऱ्यापैकी आलं. शाळेमागं धार आली आणि गेली. वीस मिनिटांत टाकीनं तळ दाखवला. टेकडीवरच्या आळीत नळांनी आधी सुस्कारा टाकला, मग खोकल्यासारखा आवाज केला, आणि मग तेवढंही नाही.

दुसऱ्या डावाच्या बाराव्या षटकात चावीवाल्याची थोरली बहीण सलूनच्या दारात उभी राहिली. ती टेकडीवर राहायची. तिची खानावळ होती, रोज बावीस माणसं जेवायची. दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या होत्या.

"सामना कुठवर आलाय?" तिनं विचारलं. आवाज अगदी मऊ होता. बहीण रागावली की तिचा आवाज असाच मऊ व्हायचा.

"बसा ना ताई," सलूनवाला म्हणाला.

"बसते की. घरी पाणी नाही, म्हणजे कामही नाही." ती सरळ आत आली, दाढीच्या उंच खुर्चीत चढून बसली, आणि दोन्ही बादल्या मांडीवर घेऊन टीव्ही बघू लागली. बादल्यांमागून कुणालाच धड दिसेना, पण सांगायची कुणाची टाप नव्हती.

"ताई, डाव लवकर आटोपला गं," चावीवाला हळूच म्हणाला.

"हो का? अकरा जण खेळायचं विसरले म्हणून माझ्या आळीनं कोरडं राहायचं? बावीस माणसांनी पिण्याच्या पाण्यानं हात धुतले. आता रात्री जेवताना पाणी मागतील, तेव्हा काय धुतलेले हात दाखवू?"

"सव्वीस वर्षांत पहिल्यांदा झालं हे."

"म्हणूनच आले. सवयीचं असतं तर कशाला आले असते?" तिनं खुर्ची त्याच्याकडे फिरवली. दाढीची खुर्ची, गर्रकन फिरली. "तुला एक सामना बघायचाय ना? मग सरळ एक दिवस रजा काढ."

"माझ्या जागी कोण? सात व्हॉल्व्ह म्हणजे सात स्वभाव आहेत. दुसऱ्याला नाही जमायचं."

"कालव्यापलीकडच्या भागात पाणी येतं ना?"

"येतं."

"तिथं सोडायला तू जातोस?"

टीव्हीवर कुणीतरी बाद झालं. कुणीच "हो" केलं नाही.

"तुला सामना बघायचा नाही रे," बहीण म्हणाली, आणि या वेळी आवाज खरंच मऊ होता. "तुझ्यावाचून अडतं, हे तुला बघायचंय. ते आज बघितलंस. आता ऊठ, तळातलं असेल ते तरी दे."

तो उठला. टाकीच्या बुंध्याशी तोटी होती. तिथं बादल्या भरून बहिणीबरोबर टेकडी चढला, असा पाच वेळा. पहिल्याच खेपेला सलूनवाला आणि बाकावरचे चौघेही बादल्या घेऊन मागून निघाले. मास्तर निघाले नाहीत. ते बेरीज नव्यानं करत होते. आजचा सामना अपवाद म्हणून वगळल्यावर ती पुन्हा तीनशे अठ्ठ्याऐंशीच येत होती.

घरी आल्यावर त्यानं सगळं बायकोला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई नवीन काय बोलल्या? आपल्या लग्नाच्या दिवशी मी नटून उभी आणि तुम्ही बाजारगल्लीचं झाकण लावत होतात. तेव्हाच मला कळलं, की मी आठवी."

दुसऱ्या दिवशी त्यानं रजेचा अर्ज दिला, पहिल्या सामन्याच्या दिवसाचा. कार्यालयातल्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि आधी "तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं. मग बदली म्हणून पलीकडच्याचं नाव घातलं.

पलीकडचा म्हणजे कालव्याच्या त्या बाजूचा पाणी सोडणारा; त्याच्या पाळ्यांच्या वेळा वेगळ्या होत्या. सडपातळ, अबोल माणूस. दोघं एकाच खात्यात, पण बारा वर्षांत त्यांचं बोलणं "काय, कसं काय" याच्या पुढं गेलं नव्हतं. कुणाच्या भागात दाब जास्त, यावरून दोघांत न बोलता चाललेली एक स्पर्धा होती. दोघंही आपणच जिंकतोय असं समजून सुखी होते. त्यात पलीकडच्याला क्रिकेटचं वावडं. सगळं शहर ज्याची वाट बघत होतं, त्याबद्दल त्यानं एकच प्रश्न विचारला, "किती दिवस चालणार हे?"

चावीवाला त्याला घेऊन सात गल्ल्या हिंडला. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि आज ती एकेक बोट करून उघडायची होती. सुतारगल्ली, अकरा फेरे. छापखान्याची गल्ली, साडेनऊ. दहावा दिला तर खालून गळतं. शाळेमागचा व्हॉल्व्ह उलट्या हाताचा, उघडायला तो डावीकडे नाही, उजवीकडे फिरवायचा. बाजारगल्लीला सहाच, नाहीतर खालच्या घरांचे नळ उडतात. प्रत्येक ठिकाणी तो चावीच्या मुठीला कान लावायचा, पाण्याची घरघर ऐकायचा, आणि मग सांगायचा. पलीकडचा नुसती मान हलवायचा. काही लिहून घेत नव्हता, याचं चावीवाल्याला वाईट वाटलं.

शेवटी टेकडीचा व्हॉल्व्ह. जुना, मोठा, सगळ्यांत खोडील. "याला सव्वीस फेरे. पूर्ण उघडायचा," चावीवाला म्हणाला.

आणि तिथं थांबला. पुढचं वाक्य त्याच्या ओठावर होतं. पूर्ण उघडल्यावर अर्धा फेरा मागं घ्यायचा, नाहीतर झडप वरच अडकून बसते आणि मग बंद होत नाही. पाणी नुसतं टेकडीलाच वाहत राहतं, टाकी रिकामी होते, बाकी सहा गल्ल्या कोरड्या. हे वाक्य त्यानं बोलायला हवं होतं. पण सहा गल्ल्यांची गुपितं देऊन तो आधीच इतका हलका झाला होता, की एवढं एक तरी खिशात राहू दे असं त्याला वाटलं. अडकलाच व्हॉल्व्ह, तर लोक सलूनकडे धावत येतील. "चावीदादा, तुमच्याशिवाय नाही जमलं हो." हे चित्र त्याला वाईट दिसलं नाही.

"एवढंच?" पलीकडच्यानं विचारलं.

"एवढंच," चावीवाला म्हणाला.

पहिल्या सामन्याचा दिवस उजाडला. सलूनच्या वीस खुर्च्यांवर पस्तीस माणसं बसली. चावीवाला मधल्या खुर्चीत. पहिला चेंडू पडला, दुसरा पडला; त्यानं एकही सोडला नाही. पहिली दहा षटकं त्यानं डोळ्यांत तेल घालून बघितली. पंधराव्यानंतर मात्र त्याला एक गोष्ट कळली, जी खिडक्यांनी त्याला कधी कळू दिली नव्हती. पूर्ण सामन्यात पुष्कळ वेळ काहीच होत नाही. एक धाव, एक धाव, चेंडू अडवला, एक धाव. त्यानं जांभई दाबली आणि कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून इकडं तिकडं पाहिलं. सलूनवाला तोंड उघडं टाकून झोपला होता.

पण चाळिसाव्या षटकापासून सामना अंगात आला. कप्तान टिकला होता आणि आता सुटला होता. एक चौकार, लगेच दुसरा. पाच वाजले. चावीवाल्याची मान आपोआप टेकडीकडे वळली. आत्ता चावी खाली गेली असेल. आत्ता सव्वीस फेरे झाले असतील.

"दादा, समोर बघा, समोर!" मागून कुणीतरी म्हणालं.

त्यानं समोर पाहिलं, पण दिसत होता तो व्हॉल्व्हचा खड्डा. सव्वापाच झाले. साडेपाचला पलीकडचा टेकडीचं बंद करायला जाणार, आणि झडप हलणार नाही. कप्तान ब्याण्णववर. पलीकडचा जोर लावेल, दांडा तुटेल. कप्तान शहाण्णववर. मास्तर मोठ्यानं म्हणाले, "हिशेबाप्रमाणे चाललंय." सहा गल्ल्यांतल्या बायका नळाखाली पिंपं लावून उभ्या असतील. बाजारगल्लीत त्याची स्वतःची बायको. कप्तान अठ्ठ्याण्णववर.

चावीवाला उठला.

"कुठं? आत्ता?" सलूनवाला ओरडला. चावीवाला पस्तीस माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बाहेर आला आणि त्यानं पलीकडच्याला फोन लावला.

"ऐक. टेकडीच्या व्हॉल्व्हचं एक सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे... मी सांगितलं नाही. पूर्ण उघडल्यावर अर्धा फेरा मागं घ्यायचा."

"घेतला की," पलीकडचा म्हणाला. "उघडल्या उघडल्याच घेतला."

"तुला कसं कळलं?"

"त्यात कळायचंय काय? हाताला लागतं ते. माझ्याकडचे नऊच्या नऊ तसेच आहेत." फोनमधून पाण्याची घरघर येत होती. तोही मुठीला कान लावूनच बसला होता तर. "टेकडीला मस्त चढलंय पाणी. तुमच्या ताईंनी चहा दिला. म्हणाल्या, आज दाब जरा जास्तच आहे."

"जास्त?"

"त्या म्हणाल्या. मी नाही."

चावीवाला काही बोलणार तेवढ्यात सलूनमधला आवाज थांबला. एकदम, एका क्षणात. मागच्या घरात कुणीतरी भांडं ठेवल्याचं स्पष्ट ऐकू आलं. त्याला आत जाऊन बघायची गरज नव्हती.

तो दारात आला. पडद्यावर कप्तान मान खाली घालून परत निघाला होता. पस्तीस माणसं मात्र पडद्याकडे बघतच नव्हती. ती सगळी चावीवाल्याकडे बघत होती.

"तुम्ही उठलात," सलूनवाला म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, शोध लागल्याचा थरकाप होता. "दोन वाजल्यापासून बसला होतात तोवर तो टिकला. उठलात आणि गेला."

"अहो, मी फक्त फोन..."

"सराव सामन्यातही हे पाणी सोडायला उठले होते," मास्तर म्हणाले. त्यांनी वही उघडून काहीतरी लिहिलं. "तेव्हाही हरलो. दोनदा झालं. दोनदा झालं म्हणजे नियम."

"तेव्हा तर डाव आधीच..." चावीवाला सांगू लागला, पण त्याचं ऐकतंय कोण? चौघांनी त्याला दंडाला धरून आत आणलं आणि हातांच्या, गादीच्या खुर्चीत अलगद बसवलं. कुणीतरी त्याच्या मागं उशी सरकवली. कुणीतरी पाण्याचा ग्लास हातात दिला, टाकीच्या तोटीवरून नुकताच भरलेला. सलूनवाल्यानं तर त्याच्या गळ्याभोवती दाढीचं कापड गुंडाळून मागं गाठ मारली.

"आता दुसरा डाव संपेपर्यंत हलायचं नाही, दादा. पाया पडतो. आणि पुढच्या सामन्यालाही रजा टाका. तुमच्याशिवाय नाही जमायचं."

चावीवाल्यानं जरा आढेवेढे घेतले. साहेब काय म्हणतील, असं दोनदा म्हणाला. मग पाठ टेकली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि मांडी घालून तो असा बसला, की व्हॉल्व्हसुद्धा इतका घट्ट बसत नाही.